नो पार्किंगचा बोर्ड नेमका कुणाकडे मागायचा?

"सदर परिसरात वाहतूक कोंडीची समस्या गंभीर झालेली असून त्वरित उपाययोजना करावी, ही विनंती." महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात येणारे वाहतुकीचे बहुतेक अर्ज याच एका वाक्याभोवती फिरतात. त्रास खरा असतो, सह्याही भरपूर असतात. पण अर्ज वाचणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला त्यात स्वतः करण्यासारखं काहीच सापडत नाही. मग तो कोपऱ्यात 'वाहतूक शाखेशी संबंधित' असा शेरा मारतो. पोलिसांच्या वाहतूक शाखेत दिलेला तसाच अर्ज 'मनपाशी संबंधित' असा शेरा घेऊन उलट येतो. दोन्ही शेरे चूक नसतात, हीच तर खरी गोम आहे.

पुण्यातला कुठलाही रस्ता घ्या. डांबर, फुटपाथ, पट्टे, बोर्ड, दुभाजक महापालिकेचे. पण त्या रस्त्यावर कुठे गाडी लावायची नाही, कुठला रस्ता एकेरी, जड वाहनांना कधी बंदी, हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांचा. मोटार वाहन कायदा १९८८ मधली कलमं ११५, ११६ आणि ११७ ही त्याची मुळं. पुण्याचे वाहतूक पोलीस उपायुक्त जे आदेश काढतात त्यात गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा हवाला असतो, तो याच अधिकाराचा. म्हणजे महापालिकेने आपल्या मनाने नो पार्किंगचा बोर्ड ठोकला तर त्यामागे आदेश नाही. पोलिसांनी आदेश काढला आणि महापालिकेने बोर्ड लावला नाही, तर चालकाला कळायला मार्ग नाही आणि चलनावर वाद. काम व्हायला दोन्ही टेबलं लागतात आणि तक्रारदार बहुधा एकाच टेबलावर अर्ज देऊन घरी जातो.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्रासाचे तुकडे पाडणं. एकाच गल्लीत दुकानदाराने पायरीपुढे मांडलेले रॅक अतिक्रमण विभागाचे. सिग्नल बंद असेल तर विद्युत विभाग. बोर्ड झाडाच्या फांदीत गेला असेल तर उद्यान विभाग. हॉटेलने आपलं पार्किंग झाकून तिथे टेबलं मांडली असतील तर बांधकाम विकास विभाग, कारण तो मंजूर नकाशाचा भंग आहे, रस्त्याचा प्रश्न नाही. बसथांबा चुकीच्या जागी असेल तर शहराची बससेवा चालवणारी पीएमपीएमएल. रिक्षा स्टँड हवा किंवा नको असेल तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडचा विषय, म्हणजे पत्रव्यवहार आरटीओशी. आणि रस्ता मुळात राष्ट्रीय महामार्ग किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर महापालिकेकडे कितीही फेऱ्या मारा, उत्तर 'आमच्या ताब्यात नाही' असंच येणार. उपनगरांत हे फार होतं. ताबा कुणाचा, हे अर्ज लिहिण्याआधी क्षेत्रीय कार्यालयातल्या पथ विभागाच्या माणसाला तोंडी विचारलं तरी पाच मिनिटांत कळतं.

नगरपालिका आणि नगरपंचायतीच्या गावांत वाहतूक उपायुक्त नसतात. तिथे निर्बंधाचा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो आणि बोर्ड मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखालची यंत्रणा लावते. मूळ गणित तेच, फक्त टेबलं वेगळी.

आधी टेप, मग पेन

तक्रारीत वजन येतं ते मापांनी. ३० मीटरची फायबर टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, दोघांनी मिळून तीन मापं घ्यायची: डांबराची रुंदी, फुटपाथची रुंदी, आणि जिथे अडतं त्या पट्ट्याची लांबी. इथे एक चूक हमखास होते. विकास आराखड्यात रस्ता १२ मीटरचा आहे म्हणून अर्जात १२ लिहितात. आराखड्यातली रुंदी ही हद्दीपासून हद्दीपर्यंत, फुटपाथ धरून असते. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर फुटपाथ असला तर गाड्यांना उरतात ९ मीटर. अभियंत्याला हे पाठ असतं, आणि तुमचा १२ चा आकडा पाहिला की पुढचा अर्ज तो गांभीर्याने वाचत नाही.

आता ९ मीटरचा हिशोब मांडा. कडेला समांतर लावलेली चारचाकी, आरसा आणि फुटपाथपासूनची फट धरून, साधारण २ मीटर खाते. दोन्ही बाजूंना लागल्या की ४ गेले, उरले ५. बसची कमाल रुंदी नियमाने २.६ मीटर, शिवाय आरसे वेगळे. समोरासमोर दोन बस आल्या की ५.२ मीटर नुसत्या पत्र्याला लागतात. म्हणजे कोंडी चालकांच्या बेशिस्तीने होते असं नाही, तिथे ती होणारच. एका बाजूचं पार्किंग काढलं की ७ मीटर मिळतात आणि दोन बस सावकाश का होईना, एकमेकींना ओलांडतात. हे चार ओळींचं गणित अर्जात असेल तर 'दोन्ही बाजूंना नो पार्किंग करा' अशी मागणी करायची गरजच उरत नाही. एक बाजू मागा. ती मंजूर होणं कितीतरी सोपं, कारण व्यापाऱ्यांचा विरोध निम्म्यावर येतो. सम-विषम तारखांचं पार्किंग, म्हणजे पी-१ पी-२ चे बोर्ड, हा पुण्याच्या पेठांमधला जुना तोडगा याच हिशोबातून येतो. एक दिवस ही बाजू, एक दिवस ती. व्यापारी दोन्हीकडचे असतील आणि कुणी एक बाजू सोडायला तयार नसेल तर तो सुचवावा.

दुचाकींचं माप वेगळं. आडवी, म्हणजे फुटपाथला काटकोनात लावलेली दुचाकी जवळपास २ मीटर बाहेर येते. तिरकी लावली की थोडं कमी. चारचाकी काटकोनात लावली तर ५ मीटरच्या घरात जागा जाते, म्हणजे ९ मीटरचा रस्ता अर्ध्याहून जास्त संपला. बँक, डायग्नोस्टिक सेंटर, मिठाईचं दुकान यांच्यासमोर गाड्या हमखास अशाच लागतात. अशा ठिकाणी नो पार्किंग न मागता 'फक्त समांतर पार्किंग'चे पट्टे मागितले तरी निम्मं काम होतं, आणि पट्ट्यांना दुकानदारही फारसे आडवे येत नाहीत.

दुसरी मोजणी गाड्यांची. ही कुणी करत नाही, आणि खरं तर सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. कामाच्या एका दिवशी सकाळी ९ पासून संध्याकाळी ८ पर्यंत, दर अर्ध्या तासाने त्या पट्ट्यातून चालत जायचं आणि लावलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे वहीत उतरवायचे. डावी बाजू, उजवी बाजू, एवढे दोनच रकाने. सोसायटीतली चार माणसं पाळीपाळीने सहज करू शकतात. संध्याकाळी वही उघडली की चित्र दिसतं: काही नंबर एकदाच आलेत, ती गिऱ्हाइकं. काही नंबर ९ वाजताही आहेत आणि ७ वाजताही, ते दुकानांमधले आणि ऑफिसांमधले कर्मचारी, किंवा आपल्याच इमारतीतले रहिवासी. रस्ता दिवसभर धरून ठेवणारे हेच असतात. दुकानदार म्हणतो, 'नो पार्किंग केलं तर धंदा बसेल'. वही दाखवते की त्याच्या गिऱ्हाइकाची जागा त्याच्याच नोकराच्या गाडीने अडवली आहे. अशा वेळी मागणी बदलते. सरसकट बंदीऐवजी ठरावीक वेळेपुरतं पार्किंग, किंवा पे अँड पार्क.

पे अँड पार्कच्या नादी मात्र अर्जातून फार लागू नये. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही कातरून, आधी पाचच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. पुढे ते रखडलं, हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. एका गल्लीच्या तक्रारीत धोरणाची मागणी घुसवली की ती तक्रार 'धोरणात्मक बाब' होते आणि त्या दोन शब्दांखाली गाडली जाते.

फोटो मोजकेच, पण तारीख-वेळ आणि ठिकाण उमटलेले. नुसत्या गाडीचा जवळून काढलेला फोटो निरुपयोगी. गाडी, तिच्यामागचा ओळखता येणारा बोर्ड किंवा दुकान, आणि रस्त्याची दुसरी कड एकाच चौकटीत हवी. रस्ता किती उरला ते त्यातूनच दिसतं. तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच जागेवर उभं राहून काढलेले तीन फोटो पन्नास विस्कळीत फोटोंवर भारी पडतात.

विषयाची ओळ

अर्जाचं यश विषयाच्या ओळीत असतं, कारण पुढे फायलीवर, पाहणी अहवालात आणि शेवटी आदेशातही तीच ओळ थोड्याफार फरकाने उतरते. नमुना असा:

"विषय: अमुक चौक ते तमुक शाळा रस्त्याच्या पूर्व बाजूस, दिव्याचा खांब क्र. १२ ते खांब क्र. १९ (सुमारे १८० मीटर), सर्व चारचाकी वाहनांना नो पार्किंग करणेबाबत."

दिशा आहे, सुरुवात आहे, शेवट आहे, लांबी आहे, वाहनाचा प्रकार आहे. 'मारुती मंदिराजवळ' असं लिहिलं की पाहणीला आलेला माणूस मंदिरासमोर उभा राहतो, तिथे त्या वेळी रस्ता मोकळा दिसतो आणि अहवाल 'वाहतूक सुरळीत आढळली' असा जातो. खांबावर रंगवलेला क्रमांक हा महापालिकेच्याच दप्तरातला पत्ता आहे, त्यामुळे त्यावर वाद होत नाही.

मजकूर एका पानाच्या वर नको. पहिल्या परिच्छेदात मापं आणि गणित. दुसऱ्यात वेळा: 'सकाळी ७.४५ ते ८.३० आणि संध्याकाळी ६ ते ९'. तिसऱ्यात अडथळ्याचा परिणाम, पण तोही नेमका: बस अडकते, रुग्णालयाचं फाटक अडतं, अग्निशमनची गाडी वळत नाही. शेवटी मागणी, आणि मागणी त्या टेबलाच्या हातातली. पोलीस उपायुक्तांना: 'कलम ११५ ते ११७ अन्वये आदेश काढावा.' क्षेत्रीय कार्यालयाला: 'आदेश निघेपर्यंत पट्टे व बोर्डांचं अंदाजपत्रक तयार ठेवावं आणि पूर्व बाजूच्या फुटपाथवरील अडथळे काढावेत.' दोन्ही अर्ज एकाच दिवशी, प्रत्येकावर दुसऱ्याला प्रत दिल्याची नोंद. यामुळे 'त्यांच्याकडे वर्ग केलं' हा शेरा मारता येत नाही, कारण त्यांच्याकडे ते आधीच आहे.

'तातडीने', 'अत्यंत गंभीर', 'जनआंदोलन छेडू' ही भाषा वगळावी. ती वाचून कुणी घाबरत नाही. उलट अर्ज राजकीय समजून बाजूला पडतो. सह्यांपुढे घर क्रमांक असावा. सोसायटीच्या लेटरहेडवर देत असाल तर व्यवस्थापक समितीच्या ठरावाची तारीख टाका, म्हणजे उद्या एखादा सभासद 'आम्हाला विचारलं नाही' म्हणत उलटा अर्ज घेऊन गेला तरी अडत नाही. असे उलटे अर्ज येतात, आणि बरेचदा आपल्याच इमारतीतून येतात.

आवक-जावक

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नुसती सही असलेली पोच पुढे कामाला येत नाही, शोधायला लागतो तो आवक क्रमांक. त्यानंतर अर्ज कनिष्ठ अभियंत्याकडे, तिथून उपअभियंत्याकडे जातो. वाहतूक शाखेत तो उपायुक्त कार्यालयातून त्या भागाच्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकाकडे 'पाहणी करून अहवाल' म्हणून येतो. सगळं अवलंबून असतं या स्थळपाहणीवर. ती कधी आहे हे विचारून घ्यावं आणि त्या वेळी तिथे हजर राहावं, वही आणि टेप घेऊन. पोलीस आणि पथ विभाग यांची संयुक्त पाहणी मागितली तर उत्तम. ती ठरायला वेळ लागतो, पण एकदा झाली की दोन्ही अहवाल एकमेकांना छेद देत नाहीत.

पाहणीची वेळ दुपारी १२ ची ठरली तर नम्रपणे सांगा की अडचण सकाळी पावणेआठची आहे. हे अगदी क्षुल्लक वाटतं, पण शाळेच्या रस्त्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच गळतात.

अहवाल अनुकूल असेल तर पुण्यात आधी तात्पुरता आदेश निघतो आणि त्यावर नागरिकांच्या लेखी हरकती व सूचना मागवतात. ही बातमी वर्तमानपत्रात बोटभर जागेत येते. इथे रहिवासी निवांत बसतात, काम झालं म्हणून. व्यापारी बसत नाहीत. मुदतीत वीस हरकती एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने एकही पत्र नाही, अशी फाइल वर गेली की अंतिम आदेश अडकतो. म्हणून ज्यांनी मूळ अर्जावर सह्या केल्या त्यांनीच या टप्प्यावर स्वतंत्र, दोन-दोन ओळींची पाठिंब्याची पत्रं द्यावीत. एका पत्रावर शंभर सह्यांपेक्षा इथे वीस वेगळी पत्रं बरी, कारण फाइलमध्ये पत्रांचे क्रमांक पडतात, सह्यांचे नाहीत. कायद्यातली एक सोयही लक्षात ठेवण्यासारखी: कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. सगळे साशंक असतील तेव्हा 'महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर' अशी मागणी करावी ती याच आधारावर.

अंतिम आदेश हातात आला की त्याची प्रत पथ विभागाला नवीन पत्राने द्यावी लागते. पोलिसांकडून ती जाते, पण पोचायला वेळ लागतो. बोर्ड आणि थर्मोप्लास्टिकचे (रस्त्यावर वितळवून आखलेले) पट्टे हे अंदाजपत्रकातल्या तरतुदीचं काम आहे, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिलेलं पत्र सहसा पुढच्या अंदाजपत्रकावर ढकललं जातं. बोर्ड लागताना बघावं की सुरुवातीच्या आणि शेवटच्या बोर्डावर बाण आहेत. बाण नसलेला एकच बोर्ड मध्ये उभा असला तर बंदी कुठून कुठपर्यंत, यावर रोज भांडण.

पुण्यात आणखी एक वाट आहे, ती कमी लोक वापरतात. महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. एका कामाला ५ लाखांपर्यंत. फुटपाथची तुटलेली कड, बोलार्ड (गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेले बुटके खांब), पादचाऱ्यांचे पट्टे, बोर्ड ही त्या रकमेत बसणारी कामं आहेत. अर्ज पावसाळ्याच्या आसपास मागवतात, पैसे मिळतात पुढच्या आर्थिक वर्षात. घाईच्या कामाला उपयोग नाही, पण कडेला फुटपाथच नसल्यामुळे गाड्या चढतात अशा जागी हाच मार्ग टिकाऊ.

ॲप कधी, अर्ज कधी

महापालिकेचं तक्रार ॲप आणि वाहतूक पोलिसांचं ॲप ही दोन वेगळी अवजारं आहेत आणि दोन्हींचा उपयोग एका घटनेपुरता आहे. आज, आत्ता, फुटपाथवर गाडी चढली आहे: पोलिसांचं ॲप. नंबरप्लेट वाचता आली पाहिजे आणि जागा ओळखता आली पाहिजे. दंड डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये आहे, टोइंगचा खर्च वेगळा. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, चौकाचा कोपरा आणि दुसऱ्याच्या फाटकाचं तोंड इथे गाडी लावायला मनाई आहेच. तिथे बोर्ड असण्याची गरज नाही, आणि 'बोर्ड कुठाय?' या प्रश्नाला हेच उत्तर आहे.

रोजचा, ठरलेला अडथळा ॲपवर टाकू नये. तिथे तक्रार बंद करण्याची घाई असते आणि 'संबंधित विभागाकडे पाठवली' म्हणूनही ती निकाली निघते. ॲपचे बंद झालेले क्रमांक मात्र जपून ठेवा. लेखी अर्जात 'या जागेबद्दल पूर्वी पुढील क्रमांकांच्या तक्रारी निकाली काढल्या आहेत, परिस्थिती तीच आहे' असं लिहून ती यादी जोडली की स्मरणपत्राची ताकद वाढते.

लेखी अर्जाला उत्तर नाही तर महिन्याने स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक संदर्भात टाकून. मग लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडायचा दिवस: महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात. खालच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच तिथे मागतात, म्हणून पुन्हा तोच आवक क्रमांक.

त्यानंतर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, महाराष्ट्राच्या नियमाने १५० शब्दांत. 'कारवाई का केली नाही?' असं विचारू नये. 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही असं सांगून अर्ज परत करता येतो. कागद मागा: "दि. अमुक, आवक क्र. तमुक या अर्जावरील टिपणी, स्थळपाहणी अहवाल व पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती." उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. बऱ्याचदा अर्ज आत गेल्यावरच फाइल शोधली जाते आणि उत्तर देण्याआधी पाहणी उरकली जाते. तेही चालेल. आणि त्याआधी फुकटात होणारी गोष्ट: राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइल डोळ्यांनी पाहिली की ती कुणाच्या टेबलावर थांबली आहे ते शेवटच्या शेऱ्यावरून लगेच कळतं.

जिथे गाडं अडतं

बेवारस गाड्या. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त सोडून दिलेली गाडी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला हलवून घेता येते. प्रत्यक्षात वर्षभर धूळ खाणारी गाडीही हलत नाही, कारण ती चोरीची आहे की गुन्ह्यात अडकलेली, की नुसती भंगार, हे कुणाला ठाऊक नसतं. पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेले दोन फोटो, बसलेले टायर दिसतील असे, आणि नंबर जोडून आधी पोलीस ठाण्यात पत्र द्या. त्याची पोच लावून मग अतिक्रमण विभागाकडे. उलट क्रमाने गेलात तर अतिक्रमणवाले पोलिसांकडेच पाठवतात.

मंगल कार्यालयं आणि हॉटेलं. इथे रस्त्याची तक्रार करत बसू नका. मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र (इमारत वापरायची परवानगी) पाहायला मागा. नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागी स्वयंपाकघर किंवा सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) शेड दिसली तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. ही कारवाई संथ आहे, कोर्टात जाऊ शकते, पण लग्नाच्या प्रत्येक मुहूर्ताला पोलिसांना फोन करण्यापेक्षा मुळावर जाते.

हातगाड्या. २०१४ चा पथविक्रेता कायदा आल्यापासून नुसतं 'हटवा' म्हणून चालत नाही. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला संरक्षण आहे. ती जागा अधिसूचित फेरीवाला क्षेत्रात आहे का, एवढंच विचारा. दुकानाचे वाढवलेले ओटे, रॅक, जाहिरातीच्या पाट्या यांना मात्र हे संरक्षण नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली त्या नोटिशीशिवाय उचलता येतात. म्हणून एकाच अर्जात हातगाडी आणि ओटा एकत्र लिहू नका, हातगाडीमुळे ओट्याचीही कारवाई लटकते.

गतिरोधक. सगळ्यात लोकप्रिय मागणी, आणि निम्म्या वेळा चुकीची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, २५ किलोमीटरच्या वेगासाठी. आपल्याकडे लावतात ते अरुंद, टोकदार उंचवटे, ज्यांनी पाठीचे मणके आणि गर्भवती दोघांचे हाल होतात. मागायचाच असेल तर मानकाचा उल्लेख करून मागा, आणि त्यावर पट्टे व आधी सूचनाफलक हवा असंही लिहा. कोंडी असलेल्या रस्त्यावर गतिरोधक मागू नये, तिथे वेगच नसतो.

सोसायटीच्या आतले रस्ते. लेआउटमधला रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिला नसेल तर तो खासगी धरून दोन्ही यंत्रणा हात वर करतात. ताबा दिल्याचा कागद शोधणं हे तिथलं पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

आणि आपलं स्वतःचं. 'गेटसमोर गाडी लावल्यास टायरमधील हवा काढण्यात येईल' हा बोर्ड महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत आहे आणि त्याला काडीचा कायदेशीर आधार नाही. फाटकासमोर गाडी लावणं चूक आहेच, पण हवा काढणं हे दुसऱ्याच्या मालाचं नुकसान, तक्रार उलटी तुमच्यावर होईल. कंपाउंडबाहेर जागा धरायला ठेवलेल्या कुंड्या, सिमेंटने भरलेले ऑइलचे डबे, साखळ्या, फुटपाथ फोडून केलेला गाडीचा उतार हे सगळं अतिक्रमणात मोडतं. पाहणीला आलेला अभियंता आधी तेच पाहतो. शिवाय तो हमखास विचारतो, तुमच्या इमारतीत पार्किंग किती आणि गाड्या किती? नकाशातली संख्या आणि सभासदांच्या गाड्या यांचा आकडा तयार ठेवा. आतली जागा अडगळीने भरलेली आणि गाड्या बाहेर, असं दिसलं तर तुमच्या १८० मीटरवर तो सहानुभूतीने लिहिणार नाही.

आदेशाची प्रत, बोर्ड लागल्या दिवशीचे फोटो आणि सगळ्या पोचपावत्या सोसायटीच्या दप्तरात एका फाइलमध्ये लावून ठेवा, सचिवाच्या फोनमध्ये नको. दोन-तीन वर्षांत रस्ता पुन्हा डांबरला जातो, पट्टे जातात, जलवाहिनीच्या खोदाईत बोर्डही जातो. तेव्हा नव्याने आदेश लागत नाही. जुन्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून 'पट्टे व फलक पूर्ववत करावेत' एवढं एका ओळीचं पत्र पथ विभागाला पुरतं.